आम्ही बोलत का नाही?

दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या पंधरा दिवस आधी आपल्या महाविद्यालयाच्या सूचना-फलकावर एक कागद लागतो : 'वक्तृत्व स्पर्धेत भाग घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपली नावे खाली लिहावीत.' शेजारी रांगोळी स्पर्धेचा कागद असतो, तो दुसऱ्याच दिवशी भरतो. समूहनृत्याच्या कागदाला तर पुरवणी जोडावी लागते. वक्तृत्वाचा कागद मात्र कोरा तो कोराच. मग मुदत वाढते. पुन्हा एकदा वाढते. शेवटी एखादे सर वर्गावर येतात, नेहमीच्या तीन-चार चेहऱ्यांकडे पाहतात आणि त्यांची नावे स्वतःच लिहून टाकतात. स्पर्धा पार पडते, बक्षिसे वाटली जातात, अहवालात 'विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला' असे छापून येते. आणि पुढच्या वर्षी फलकावर पुन्हा तोच कोरा कागद!

याचे कारण विचारले की उत्तर तयार असते. 'आजची मुले वाचत नाहीत.' 'मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात, माणसांशी बोलतील कशी?' 'खेड्यातली मुले, बुजरी असायचीच.' ही उत्तरे मीही अनेकदा ऐकली आहेत आणि काही काळ खरीही मानली आहेत. पण आता तृतीय वर्षाच्या अखेरीस, जाता जाता, मला वेगळेच काही वाटू लागले आहे. ते गुरुजनांपुढे आणि आपणा सर्वांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. व्यासपीठाची भीती हा बोलणाऱ्याच्या अंगचा दोष आहे असे समजून आपण आजवर चालत आलो. परंतु या भीतीचा निदान अर्धा वाटा समोर बसलेल्यांचा असतो. भीती वाटणारा एकटा असतो, पण ती तयार करणारे पुष्कळ असतात.

आधी माझीच कथा सांगते. माझे गाव मोर्शीहून एस.टी.ने अर्ध्या तासाचे. घरी संत्र्याचा बगिचा, तोही दुसऱ्याचा. बाबा बटईने करतात. शाळेत मी पंधरा ऑगस्टला भाषण करीत असे, म्हणून मला आपण वक्त्या आहोत असा समज होता. प्रथम वर्षाला असताना बाहेरगावच्या एका स्पर्धेसाठी माझे नाव गेले. विषय होता 'ग्रामीण स्त्री आणि शिक्षण'. दोन पानी भाषण तयार केले, सरांकडून तपासून घेतले आणि आठ दिवस घोकले. विहिरीवर म्हटले, बसमध्ये मनातल्या मनात म्हटले, झोपेतही म्हणाले असे आई सांगते.

प्रत्यक्षात काय झाले? सभागृह मोठे, समोर अनोळखी चेहरे, पहिल्या रांगेत तीन परीक्षक खाली मान घालून कागदावर काहीतरी लिहीत असलेले. 'सन्माननीय व्यासपीठ' इथपासून चार वाक्ये धडधडीत गेली. पाचवे वाक्य आलेच नाही. तोंडाला कोरड पडली, हातातली चिठ्ठी ओली झाली, कानात नुसती सणसण. काहीतरी बोलायला हवे म्हणून मी माझ्या मनचे बोलू लागले. आईने मला एकदा शिक्षणाविषयी जे सांगितले होते ते आठवले आणि तोंडातून निघाले, 'माह्या मायनं मले सांगतलं होतं का...' सभागृह हसले. वाईट हेतूने नसेलही; पण हसले. त्यानंतर मला माझी मायही आठवली नाही आणि तिने काय सांगितले होते तेही. घंटा वाजली. मी खाली उतरले. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले आणि त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष वर्गात प्रश्नसुद्धा विचारला नाही.

पुढे ग्रंथालयात आत्मकथा, मानसशास्त्राची पुस्तके असे जे हाती लागेल ते मी या विषयावर वाचू लागले. पहिली गोष्ट कळली ती ही, की या बाबतीत आपण फार मोठ्या माणसांच्या पंगतीला बसलो आहोत. रोमचा थोर वक्ता सिसेरो याने वक्तृत्वावर जो ग्रंथ दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहिला, त्यात आधीच्या पिढीतला नामांकित वक्ता क्रॅसस कबूल करतो की भाषणाच्या आरंभी आपला चेहरा पांढराफटक पडतो आणि अंगाला कापरे भरते. आणि महात्मा गांधी? त्यांनी आपल्या आत्मकथेत हे सारे निःसंकोचपणे लिहून ठेवले आहे. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत ते सभासद होते, पण बैठकीत तोंड उघडत नसत. १८९१ साली मायदेशी परतताना त्यांनी मित्रांना जेवण दिले, त्यावेळी मोठ्या तयारीने एक छोटे विनोदी भाषण योजले होते. पहिल्या वाक्यापुढे काही आठवले नाही, आणि आभार मानून ते खाली बसले. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिला खटला आला तेव्हा ते उलटतपासणीसाठी उभे राहिले आणि त्यांचे डोके गरगरू लागले. एक प्रश्न सुचेना. खाली बसले, दुसरा वकील लावायला सांगितला, आणि घेतलेली तीस रुपये फी परत केली.

हाच तरुण १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला हिंदी लोकांच्या सभेपुढे उभा राहिला आणि बोलला. आयुष्यातले आपले पहिले जाहीर भाषण ते तेच मानतात. व्यापारात सचोटी का पाळावी, हा त्यांचा विषय होता. या दोन वर्षांत काय बदलले असेल? आवाज तोच, माणूस तोच. मला वाटते, लंडनच्या मेजवानीत त्यांना 'भाषण' करायचे होते; प्रिटोरियात त्यांना समोरच्या माणसांना काहीतरी सांगायचे होते. तिथले श्रोते त्यांचे परीक्षक नव्हते, एकाच संकटात सापडलेले आपले देशबांधव होते. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता या विषयावर झालेल्या संशोधनाकडे वळू. १९७३ साली अमेरिकेत एका सर्वेक्षणात लोकांना 'तुम्हाला कशाची भीती वाटते?' असे विचारले गेले आणि समुदायापुढे बोलण्याची भीती यादीत सर्वांत वर आली. सुमारे ४१ टक्के लोकांनी ती सांगितली. तेव्हापासून 'माणसाला मरणापेक्षा भाषणाची भीती अधिक' हे वाक्य जगभर फिरते आहे. पण २०१२ साली तिथल्याच दोन अभ्यासकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना पुन्हा विचारले, तेव्हा खरी गोष्ट पुढे आली. 'यांपैकी कशाकशाची भीती वाटते?' असे विचारल्यावर भाषणावर सर्वाधिक खुणा झाल्या. 'सर्वांत जास्त कशाची?' असे विचारताच मरणच पुढे गेले. म्हणजे भाषणाची भीती ही सर्वांत मोठी भीती नव्हे, सर्वांत जास्त लोकांत असलेली भीती आहे. ती साथीच्या सर्दीसारखी आहे. जी गोष्ट बहुतेकांना होते, ती एकेकट्याचा कमकुवतपणा कशी म्हणायची?

जेम्स मॅक्रॉस्की या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७० पासून ही भीती मोजण्याच्या प्रश्नावल्या तयार केल्या. त्यांची चोवीस विधानांची प्रश्नावली सर्वांत प्रसिद्ध आहे. तिची रचना पाहिली की विचार करावासा वाटतो. त्यात सहा विधाने गटचर्चेविषयी, सहा बैठकीविषयी, सहा दोघांतल्या बोलण्याविषयी आणि सहा भाषणाविषयी आहेत. म्हणजे या प्राध्यापकांनी 'हा बोलका, तो मुका' अशी सरळ विभागणी केली नाही. कुठे बोलता येते आणि कुठे येत नाही, असे विचारले. आपल्याकडेही पाहा ना! माझी एक मैत्रीण वर्गात हूं की चूं करीत नाही. पण बसस्थानकावर कंडक्टरने सुटे पैसे परत दिले नाहीत तर त्याच्याशी असा वाद घालते की अर्धी बस ऐकत बसते. ती मुकी आहे काय? तिला बोलता येते. आपल्यासमोर बोलता येत नाही. मग कमी कोणात आहे, तिच्यात की आपल्यात?

बेन्के आणि सॉयर या दोन अभ्यासकांनी वर्गात भाषण करणाऱ्या विद्यार्थ्यांची धाकधूक टप्प्याटप्प्याने मोजली. ती सर्वांत जास्त असते बोलायला उभे राहण्याच्या अगदी आधीच्या क्षणी. त्याखालोखाल, भाषण करायचे आहे हे वर्गात जाहीर होते तेव्हा. तयारी करीत असताना ती उतरते. म्हणजे आपल्या सूचना-फलकावरचा तो कागद कोरा का राहतो, याचे उत्तर इथेच मिळते. भीती चढलेली असते नेमकी त्याच वेळी आपण नाव मागतो, आणि पुढची उतरण पाहायला कुणी थांबत नाही.

तिसरी गोष्ट तर मला आधी कळली असती तर माझे दीड वर्ष वाचले असते. २००३ साली सॅविट्स्की आणि गिलोविच या संशोधकांनी विद्यार्थ्यांना भाषणे करायला लावली. नंतर वक्त्यांना विचारले, 'तुम्ही किती घाबरलेले दिसलात?' आणि श्रोत्यांना विचारले, 'हा किती घाबरलेला दिसला?' वक्त्यांना वाटत होते की आपली छातीची धडधड साऱ्या सभागृहाला दिसते आहे. श्रोत्यांना त्याहून पुष्कळच कमी दिसले होते. पुढच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना भाषणापूर्वीच सांगून ठेवले की 'तुमची घाबरगुंडी तुम्हाला वाटते तितकी बाहेर दिसत नाही.' एवढे सांगितल्यानेच ती मुले अधिक चांगली बोलली. त्यांना स्वतःला तसे वाटले आणि श्रोत्यांनाही. एका वाक्याचे औषध, आणि पैसा लागत नाही!

पण माझ्या मताला सर्वांत बळकटी देणारा प्रयोग जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठाचा आहे. तिथल्या संशोधकांना प्रयोगशाळेत माणसावर खात्रीने ताण कसा आणता येईल, याची पद्धत हवी होती. १९९३ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली आणि आज जगभर ती वापरली जाते. त्यांनी काय केले? विजेचा झटका दिला नाही, साप दाखवला नाही. माणसाला एका मंडळापुढे उभे करून नोकरीसाठी आपण कसे लायक आहोत यावर पाच मिनिटे बोलायला लावले, आणि मग एका मोठ्या संख्येतून तेरा-तेरा वजा करीत मोठ्याने मोजायला लावले. मंडळाला सूचना एकच : चेहरा कोरा ठेवायचा. मान हलवायची नाही, हसायचे नाही, 'ठीक आहे' म्हणायचे नाही. एवढ्याने माणसाच्या शरीरात ताणाचे द्रव्य, ज्याला कॉर्टिसोल म्हणतात, ते झपाट्याने वाढते. २००४ साली दोन संशोधिकांनी अशा २०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. तेव्हाही असेच दिसले की लोक आपले मूल्यमापन करीत आहेत आणि त्यावर आपला काही ताबा नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की हे द्रव्य सर्वांत जास्त वाढते.

हे वाचले आणि मला ते सभागृह आठवले. खाली मान घालून लिहिणारे तीन परीक्षक आठवले. जी रचना शास्त्रज्ञांनी माणूस घाबरवण्यासाठी मुद्दाम शोधून काढली, ती आपण वक्तृत्व स्पर्धा म्हणून वर्षानुवर्षे हौसेने मांडत आलो आहोत! वर पुन्हा म्हणतो, मुले घाबरतात.

आपल्याकडे या कोऱ्या चेहऱ्याला आणखी दोन गोष्टींची जोड मिळते. त्या परदेशी पुस्तकांत नाहीत, आपल्यालाच लिहाव्या लागतील.

एक म्हणजे मुलींचा आवाज. लहानपणापासून आम्हाला घरात एकच ऐकवले जाते : 'हळू बोल, बाहेर आवाज जातो.' पाहुणे आले की आत जायचे. वडीलधारी बोलत असताना मध्ये तोंड घालायचे नाही. अठरा वर्षे हे शिक्षण पक्के झाल्यावर एक दिवस आम्हाला ध्वनिक्षेपकापुढे उभे करतात आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतो, 'आवाज येत नाही!' येईल कसा? तो तर आम्ही घरीच ठेवून आलो.

दुसरी गोष्ट भाषेची. आपण घरी, शेतात, बाजारात वऱ्हाडी बोलतो. व्यासपीठावर प्रमाण मराठी बोलावी लागते. इंग्रजीचे तर विचारूच नका. परकी भाषा वर्गात बोलताना जी खास भीती वाटते, तिच्यावर १९८६ पासून संशोधन चालू आहे. पण आपल्याच भाषेच्या दोन रूपांमधून जाताना जीभ कशी अडखळते, हे आपल्यासारख्या मुलांइतके कोणाला ठाऊक असणार? घोकलेले भाषण विसरले की मनात वऱ्हाडी उभी राहते. ती बाहेर आली तर हसे होईल, म्हणून आपण दातांखाली धरतो. मग प्रमाण मराठीही नाही आणि वऱ्हाडीही नाही, नुसती शांतता. लोकांना वाटते, हिला काही येत नाही. खरे तर तिला दोन भाषा येत असतात आणि दोन्ही एकाच वेळी दारात अडकलेल्या असतात.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. दुसऱ्या वर्षी आमच्या वर्गात एक मुलगी होती, सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यातून येणारी. एका तासाला तिला उतारा वाचायला उभे केले. 'शाळा' हा शब्द तिने 'शाया' असा वाचला. माझ्या घरी माझी आजीही 'शाया'च म्हणते. तरीही मी हसले. आणि मी हसले म्हणून बाक हसला, आणि बाक हसला म्हणून वर्ग. जिच्यावर सभागृह हसले होते ती मी, एक वर्ष उलटत नाही तोच दुसरीवर हसणारी झाले होते. कदाचित आपण आता त्यांतल्या नाही हे दाखवण्यासाठीच. ती उतारा पुरा न करता खाली बसली. त्यानंतर वर्षभर हजेरीला 'हजर' म्हणण्यापलीकडे तिचा आवाज मी ऐकला नाही. पुढच्या वर्षी ती आली नाही. त्याला घरची कारणे असतील, लग्न ठरले असेल. माझ्या हसण्यामुळे ती गेली असे मी म्हणत नाही. पण तिने या वर्गापुढे एकदाच तोंड उघडले आणि तिला आम्ही जे उत्तर दिले ते ते हसू होते, हे मला खोडता येत नाही.

विशेष खेदाची गोष्ट अशी की हे घडते कुठे? तर आपल्या मोर्शी तालुक्यात! ज्या रिद्धपूरला आपण बसने जाऊ शकतो, तिथे तेराव्या शतकात म्हाइंभटाने लीळाचरित्र सिद्ध केले. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून तो ओळखला जातो. आणि तो आहे तरी काय? चक्रधरस्वामी कसे बोलले, कोणाशी बोलले, काय म्हणाले, याच्या आठवणी. ज्यांनी ज्यांनी ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटाने विचारले, ऐकले, पडताळले आणि लिहिले. म्हणजे मराठी गद्याची सुरुवातच मुळी कुणाच्या तरी बोलण्यातून आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मन लावून ऐकण्यातून झाली आहे. महानुभाव पंथाचे आचार्य नागदेव यांच्याविषयी असे सांगतात की संस्कृतात प्रश्न करणाऱ्या विद्वान शिष्याला त्यांनी मराठीतच विचारण्यास सांगितले, कारण स्वामींनी त्यांना मराठीतच उपदेश केला होता. त्या काळी प्रतिष्ठित भाषा संस्कृत होती आणि मराठी ही आजच्या वऱ्हाडीच्या जागी होती. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे आणि २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला आहे. या दर्जाचा अभिमान बाळगायचा आणि आपल्या आजीच्या मराठीला हसायचे, या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात?

आणि आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते गाडगेबाबा? अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेला हा माणूस शाळेत शिकलेला नव्हता. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचा. हजारोंचा समुदाय जमायचा. भाषा शुद्ध वऱ्हाडी. पद्धत कोणती? बाबा एकटे बोलत नसत. ते प्रश्न विचारीत आणि लोकांकडून उत्तर वदवून घेत. कर्ज काढून सण करण्याविरुद्ध, देवापुढे पशू मारण्याविरुद्ध, अस्पृश्यतेविरुद्ध ते बोलत. आणि ऐकणारा नुसता ऐकणारा राहत नसे, तोही कीर्तनात सामील होई. तिथे कोरा चेहरा ठेवायला जागाच नव्हती. ट्रिअरच्या प्रयोगशाळेचे अगदी दुसरे टोक म्हणजे गाडगेबाबांचे कीर्तन. जर्मनीतल्या संशोधकांनी घाबरवण्याची रीत शोधली. भीती घालवण्याची रीत आपल्या जिल्ह्यात आधीपासून होती. आपण बाबांचे नाव विद्यापीठाला दिले, त्यांची रीत मात्र वर्गात घेतली नाही.

यावर दोन आक्षेप येतील, ते माझ्या ध्यानात आहेत. पहिला असा की, मग प्रमाण भाषा शिकायचीच नाही काय? मुलाखतीत, न्यायालयात, आकाशवाणीवर वऱ्हाडीच बोलायचे काय? तसे मी म्हणत नाही. प्रमाण भाषा आली पाहिजे, उत्तम आली पाहिजे. प्रश्न आहे तो क्रमाचा. १९६६ साली गॉर्डन पॉल या मानसशास्त्रज्ञाने भाषणाला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. त्यांत सर्वांत गुणकारी ठरला तो पायरी-पायरीने जाण्याचा उपाय. अंग सैल सोडायला शिकायचे आणि आधी थोड्या भीतीचा, मग तिच्याहून थोड्या मोठ्या भीतीचा प्रसंग मनापुढे आणायचा. आपण करतो काय? विहिरीत पोहायला शिकवताना बाप पोराला आधी पायऱ्यांवर उतरवतो, कमरेला डबा बांधतो. व्यासपीठाच्या विहिरीत मात्र आपण पोराला एकदम वरून ढकलतो आणि गटांगळ्या खाल्ल्या की म्हणतो, याला पोहता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, जगात पुढे परीक्षक कठोरच भेटणार. मुलांना लाडावून चालेल काय? हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच मला वाटते की निदान महाविद्यालयाची तीन वर्षे तरी त्या जगासाठी कंबरेचा डबा व्हावा. काहींची भीती इतकी खोल असते की नुसत्या मायेने ती जाणार नाही. त्यांना समुपदेशकाची वा डॉक्टरांची मदत घ्यायला लाज वाटू नये. पण उरलेल्या आम्हा बहुतेकांना डॉक्टर नको आहे. आम्हाला ऐकणारे हवे आहेत.

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून काही सूचना करते. प्रथम वर्षाच्या मुलामुलींचे पाच-सहा जणांचे गट करावेत आणि पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येकाने आपल्या गटापुढे दोन मिनिटे बोलावे. विषय घोकायचा नाही, ठाऊक असलेला घ्यायचा. आंबिया बहारासाठी संत्र्याला ताण कसा देतात, सालबर्डीच्या यात्रेत काय पाहिले, धरणात गाव गेलेल्यांच्या घरी काय बोलतात. आणि बोलायचे ते आपल्याला येते त्या भाषेत. गुण नाहीत, क्रमांक नाही, घंटा नाही. ऐकणाऱ्यांवर मात्र एक बंधन : मान वर ठेवायची आणि शेवटी प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा. मग तोच विषय वर्गापुढे, आणि त्यानंतर प्रमाण मराठीत.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सभागृह उघडे ठेवून ज्याला हवे त्याला ध्वनिक्षेपकापुढे उभे राहू द्यावे. आपलाच आवाज मोठा होऊन प्रथम कानावर पडतो, त्यानेही निम्मे अवसान जाते. परीक्षकांना आपली नम्र विनंती असावी की त्यांनी लिहिता लिहिता अधूनमधून वर पाहावे. आणि मानसशास्त्र विभागाने त्या चोवीस विधानांच्या धर्तीवर आपली एक मराठी प्रश्नावली करावी. नुसते भाषांतर नको. 'घरची भाषा तोंडातून निघेल अशी भीती वाटते काय?' हा प्रश्न तिच्यात असावा. उत्तरे पाहून आपणच चकित होऊ.

गुरुजनांपाशीही एक मागणे आहे. प्रश्न विचारल्यावर आम्हाला थोडा वेळ द्यावा. आमच्या मनात उत्तर वऱ्हाडीत तयार असते. ते प्रमाण भाषेचे कपडे घालून बाहेर यायला दोन क्षण लागतात. तेवढ्यात 'एवढेही येत नाही?' असे कानावर पडले की ते पुन्हा आत पळते.

शेवटी या वर्षीचे सांगते. सूचना-फलकावरच्या कागदावर यंदा पहिले नाव माझे होते. बक्षीस मिळाले नाही. बोलताना मध्येच एक मुद्दा विसरलेही. पण थांबले, समोर पाहिले. तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसली होती. ओळखीचीही नाही, प्रथम वर्षाची असावी. ती मान हलवीत होती, जणू 'हो, सांगा पुढे' म्हणत होती. मी तिलाच सांगू लागले. मुद्दा परत आला. मायने सांगितलेले जे वाक्य पहिल्या वर्षी घशात राहिले होते तेही मी सांगून टाकले, तिच्याच भाषेत. ते असे होते : 'मले वाचता येत नाही बाई, पन तू वाचशीन तं मी आयकीन.'

पुढच्या वर्षी मी इथे नसेन. फलकावर पुन्हा कागद लागेल. ज्यांना धीर होईल त्यांनी नाव लिहावे. ज्यांना होणार नाही त्यांनी निदान सभागृहात येऊन बसावे आणि मान वर ठेवावी. आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या मैत्रिणीपर्यंत हा अंक कोणामार्फत पोचलाच, तर तिला एवढेच सांगावे की तिचा 'शाया' हा शब्द चुकला नव्हता. चुकले होते ते माझे ऐकणे.